हवामान बदलाचे पैसे: मदत, कर्ज की देणं?

माळरान:
नोव्हेंबर 2024 ला अझरबैजानच्या बाकूत हवामान परिषद झाली, त्यात असं ठरलं की श्रीमंत देशांनी पुढाकार घेऊन 2035 पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला 300 अब्ज डॉलर उभे करायचे. मागणी होती 1300 अब्जांची. आणि या 300 मध्ये खाजगी गुंतवणूक, डेव्हलपमेंट बँकांची कर्जं सगळंच धरलंय. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तिथेच सांगितलं की हा मसुदा म्हणजे दृष्टिभ्रम आहे. पाकिस्तानचं बघा, 2022 च्या पुरात 1700 च्या वर माणसं गेली, 30 अब्ज डॉलरच्या पुढे फटका बसला, जगाच्या कार्बन उत्सर्जनात त्यांचा वाटा एक टक्कासुद्धा नाही. नंतर जिनिव्हात 9 अब्जांची आश्वासनं मिळाली, त्यातही बहुतेक कर्ज! धूर दुसऱ्यांनी केला आणि दुरुस्ती आपण व्याजाने पैसे काढून करायची, हे मला अजिबात पटत नाही. ही भीक नाही, देणं आहे.

रोखठोक:
साफ असहमत. एकूण उत्सर्जनात आपण जगात तिसरे आहोत, चीन पहिला. 1992 च्या हवामान करारात कोण विकसित कोण विकसनशील याची यादी केली, ती अजून किती वर्षं पुढे करायची? दरडोई आपण कमी आहोत हे मान्य, पण ढगफुटी दरडोई बघून होत नाही. आणि पैसा आला तरी तो शेवटच्या माणसापर्यंत जातो का, आधी हे सांगा.

सीनाकाठ:
मी धाराशिव जिल्ह्यातला, म्हणून लिहितो. सप्टेंबर 2025 ला जो पाऊस झाला त्यात नुसतं सोयाबीन गेलं नाही, जमीनच खरडून गेली, वरची काळी माती वाहून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला, विहिरी गाळानं बुजल्या, मोटारी गेल्या, पाइप गेले. सरकारनं खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि वर 3 लाखांपर्यंत रोहयोतून असं जाहीर केलं. पण रोहयोचं काम कधी मंजूर होणार, तोवर रब्बी कशात पेरायची? तलावातला गाळ आणून रान परत करायचं तर ट्रॉलीमागं डिझेल आधी खिशातून घालावं लागतं. रोखठोक भाऊ, तुमचं बरोबर आहे की पैसा खाली पोचत नाही, पण म्हणून वरून मागूच नये हे काही खरं नाही.
अजून एक. आमच्याकडं पोकरातून, म्हणजे हवामान बदलाला तोंड द्यायच्या सरकारी शेती प्रकल्पातून, शेततळी झाली, ठिबक झालं, चांगलं काम झालं. पण ते जागतिक बँकेचं कर्ज होतं, म्हणजे फेडणार आपणच.

भोसरीकर:
माझा छोटा युनिट आहे, नट-बोल्ट युरोपला जातात. तिथला कार्बन कर, म्हणजे आयात माल बनताना जो कार्बन सुटला त्याचा आकार, 2026 पासून प्रत्यक्ष लागू झालाय. आता गिऱ्हाईक विचारतं की वायर रॉड (बोल्टचा पोलादी कच्चा माल) ज्या मिलमधून आला तिचं उत्सर्जन किती, आणि आकडा दिला नाही तर त्यांचा ठरीव आकडा लागतो, तो चढाच असतो. हे कागद करायला कन्सल्टंट लागतो, तो मोठ्या कंपनीला परवडतो, आमच्यासारख्यांनी काय करायचं? आणि जमलेला पैसा राहणार युरोपकडेच. याला सहकार्य म्हणायचं?

रोखठोक:
त्यांचे कारखानेही कार्बनचे पैसे भरतातच की, मग आयात मालाला सूट कशी देतील? आपण इथेच कार्बनला किंमत लावली तर तेवढी तिथे वजा होते, पैसा देशात राहतो. दुसऱ्यावर चिडण्यापेक्षा हे करा. आपली निम्मी वीजक्षमता 2025 मध्ये बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅस सोडून, झाली म्हणून पेढे वाटले, पण प्रत्यक्ष तयार होणारी वीज अजून मुख्यतः कोळशाचीच आहे.

माळरान:
कार्बनला इथे किंमत लावा, माझी हरकत नाही. पण भोसरीकरांचा कन्सल्टंटचा खर्च त्यातून कसा भागणार ते तुम्ही सांगितलं नाहीत. यावर उपाय आधी झालेला आहे. ओझोनसाठी 1987 चा मॉन्ट्रियल करार झाला, त्यात गरीब देशांच्या कारखान्यांना ओझोन खाणारे गॅस बदलायला जो जादा खर्च आला तो एका सामाईक फंडातून, मुख्यतः अनुदान म्हणून दिला गेला. सगळे देश सामील झाले आणि ओझोनचा थर भरून येतोय. म्हणजे मनात असलं की जमतं. आता उलट, इजिप्तमध्ये शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत 2022 मध्ये नुकसानभरपाईचा फंड मान्य झाला, त्यात तीन वर्षांत एक अब्ज डॉलरचीही आश्वासनं जमली नाहीत. वर अमेरिकेने 2025 मध्ये पुन्हा हवामानाच्या पॅरिस करारातून निघायचं जाहीर केलं आणि जानेवारी 2026 मध्ये ती बाहेर पडली.

रोखठोक:
मॉन्ट्रियलचा मुद्दा वजनदार आहे, पण तिथे मोजके गॅस आणि मोजके कारखाने होते, इथे अख्खी अर्थव्यवस्था आहे. अनुदान मागा, ठीक आहे, फक्त गावनिहाय हिशोब चावडीवर लावायची अट आपणच घालून घ्या.

माळरान:
हिशोब लावूच, पण दोन्हीकडचा. 2009 ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी वर्षाला 100 अब्ज डॉलर कबूल केले होते, मुदत 2020, आकडा पूर्ण झाला 2022 ला, आणि त्यातल्या सरकारी पैशात दोन तृतीयांशाहून जास्त कर्जच होतं. गावनिहाय सोडा, यातलं अनुदान किती आणि व्याजाचं किती एवढं तरी दरवर्षी वेगळं छापायला लावा त्यांना.

सीनाकाठ:
चावडीवर हिशोब लावा, मी स्वतः येऊन वाचीन. फक्त पेरणीच्या आत पैसे द्या.