मदत हवी आहे: दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकू का?

राम राम मंडळी. परभणी जिल्ह्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर २०१५ चा, रॅम ४ जीबी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, अन् ११ ह्या मशीनवर चढत नाही. नवीन घ्यावा तर सोयाबीनचे पैसे कधीच उधारीत गेले.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम. भाच्याने पेन ड्राइव्हवर तिचा मिंट नावाचा प्रकार, त्यातली हलकी एक्सएफसीई आवृत्ती, आणून दिली. इन्स्टॉल न करता तशीच चालवली. फायरफॉक्समध्ये सातबारा निघाला, लिबरऑफिसात अर्ज टाइप झाला, इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठीही नीट उमटली. फुकटच्या वस्तूवर माझा विश्वास नसतो, पण मशीन पळायलंय हे खरं!

अडलंय दोन ठिकाणी. जुनी पत्रं युनिकोडच्या (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी तशीच दिसते त्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. उघडली की ‘मा. तहसीलदार साहेब’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं अन् चिन्हं. फॉन्टची फाइल ह्यात टाकली तर दिसतील, की सगळं युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावं?

दुसरं म्हणजे अंगठ्याचं मशीन. यूएसबीला लावलं की दिवा लागतो, पुढं काहीच नाही. सोबतच्या सीडीत ड्रायव्हर फक्त विंडोजचा. म्हाताऱ्या माणसांना ओटीपी जमत नाही, केवायसीला अंगठाच लागतो. मग डिस्कचे दोन भाग करून विंडोज तेवढ्यापुरती ठेवू का? आधी बॅकअप घेईनच.

नांदेड-हिंगोलीकडं कुणी दुकानात लिनक्स वापरत असेल तर सांगा. प्रिंटर लगेच ओळखला का?