मदत हवी आहे: डॉकर इमेज मॅकवर चालते, सर्व्हरवर चालते, रास्पबेरी पायवर नाही (तातडीचं)

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. मल्टी-आर्क (वेगवेगळ्या प्रोसेसरवर चालणारी) डॉकर इमेज बनवली, रजिस्ट्रीत (इमेज साठवायच्या सर्व्हरवर) पुशही झाली. मॅकवर चालते, क्लाउडवरच्या सर्व्हरवर चालते. रास्पबेरी पायवर (छोटा संगणक) पुल केली की एरर. जिथे बघावं तिथे "प्लॅटफॉर्म द्या" एवढंच लिहिलंय, तो दिलेलाच आहे. उद्या पहाटे पाचला दूध संकलन सुरू होतं, त्याआधी पायवर संकलनाच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन चढवायचंय. प्लीज लवकर सांगा.

टर्मिनलवाला
एरर म्हणजे कुठली एरर? कुठला पाय? कमांड काय दिलीत? सगळं जसंच्या तसं टाका, नाहीतर इथे नुसतं भविष्य सांगणं होईल.

आबा_कुपवाड
एक्झेक फॉरमॅट एरर (म्हणजे बायनरी दुसऱ्याच प्रोसेसरची) असणार, लिहून देतो. मॅकवर एकदा बिल्ड, सर्व्हरवर एकदा बिल्ड आणि दोन्हीकडून एकाच टॅगला पुश. शेवटचा पुश आधीच्याला झाकतो. आमच्याकडे नवी पोरं हेच करतात. दोन वेगळे टॅग ठेवा आणि मग "डॉकर बिल्डएक्स इमेजटूल्स क्रिएट -टी नवा-टॅग टॅग१ टॅग२". रजिस्ट्रीतल्या रजिस्ट्रीत जोडलं जातं, काही डाउनलोड करावं लागत नाही.

वारणाकाठ
नाही हो आबा, एकाच कमांडने केलंय. (कमांड मराठीत टंकतोय, समजून घ्या. एएमडी६४ सर्व्हरसाठी, एआरएम६४ मॅक आणि पायसाठी.)
डॉकर बिल्डएक्स बिल्ड --प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४,लिनक्स/एआरएम६४ -टी रजिस्ट्री/संकलन:२.१ --पुश .
पाय ४ आहे. एरर: नो मॅचिंग मॅनिफेस्ट फॉर लिनक्स/एआरएम/व्ही८ इन द मॅनिफेस्ट लिस्ट एंट्रीज. (मॅनिफेस्ट लिस्ट म्हणजे इमेजमधल्या प्लॅटफॉर्मची यादी.)
आता व्ही८ म्हणजेच एआरएम६४ ना? मग ते यादीत आहे की! डॉकरला दिसत का नाही?

मावळता_सूर्य
मॅकवर डॉकर डेस्कटॉप घेताना ॲपल सिलिकॉनचं डाउनलोड घेतलंत की इंटेलचं? डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करा, अबाउट धिस मॅक उघडा, तिथे चिप लिहिलेली असते. एम१, एम२ असं काही असेल तर सिलिकॉनचं घ्यायचं. आधीचं ॲप्लिकेशन्समधून काढून टाका आणि मग नवीन टाका.

वारणाकाठ
मॅकवर चालतंय हो दादा.

वैदेही_के
दोन गोष्टी द्या. एक, "डॉकर बिल्डएक्स इमेजटूल्स इन्स्पेक्ट रजिस्ट्री/संकलन:२.१" चं आउटपुट. दुसरं, पायवर "डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर" काय म्हणतं ते.

वारणाकाठ
इन्स्पेक्टमध्ये चार नोंदी आहेत: लिनक्स/एएमडी६४, लिनक्स/एआरएम६४ आणि दोन वेळा अननोन/अननोन. हे अननोन काय आहे? मी तर दोनच मागितले होते.
पाय ६४ बिटच आहे, युनेम -एम ला एआर्च६४ येतंय.

पॉडमनप्रेमी
अननोन/अननोन म्हणजे मॅनिफेस्ट बिघडलाय. म्हणूनच मी डॉकर सोडून पॉडमन घेतलं. "पॉडमन बिल्ड --प्लॅटफॉर्म ... --मॅनिफेस्ट संकलन" आणि मग "पॉडमन मॅनिफेस्ट पुश --ऑल". डीमन नाही, रूट नाही, कटकट नाही. शिवाय लिस्ट पुश करायच्या आधी आपल्याच मशिनवर बघता येते.

वैदेही_के
काहीही बिघडलेलं नाही. बिल्डएक्स ०.१० पासून प्रत्येक प्लॅटफॉर्मसोबत प्रोव्हेनन्सची नोंद आपोआप जोडली जाते, म्हणजे इमेज कशी बनली त्याची माहिती. ती कुठल्याच प्रोसेसरवर चालवायची नसते, म्हणून तिथे अननोन येतं. नको असेल तर "--प्रोव्हेनन्स=फॉल्स". पायच्या एररशी त्याचा संबंध नाही.

आबा_कुपवाड
संबंध नसेल, पण त्रास आहेच. जुन्या "डॉकर मॅनिफेस्ट क्रिएट" ला अशी इमेज दिली की ती आधीच मॅनिफेस्ट लिस्ट आहे म्हणून अडून बसतं. एकाच प्लॅटफॉर्मची असली तरी. आमच्या बिल्ड सर्व्हरवर त्यापायी सगळ्या स्क्रिप्ट बदलाव्या लागल्या.

पॉडमनप्रेमी
बघा, म्हणजे माझंच खरं.

वैदेही_के
वारणाकाठ, युनेम सोडा. ते कर्नलचं (ओएसच्या गाभ्याचं) सांगतं. डीपीकेजी विचारलं होतं.

वारणाकाठ
आर्मएचएफ.

वैदेही_के
मिळालं. तुमची ओएस ३२ बिटची आहे, कर्नल ६४ बिटचा. २०२३ पासून रास्पबेरी पायच्या ३२ बिट ओएसवरही पाय ४ ला अपडेटनंतर ६४ बिट कर्नल चढतो, त्यामुळे युनेम बघून सगळेच फसतात. "गेटकॉन्फ लाँग_बिट" द्या, ३२ येईल.
तुमचं डॉकरही ३२ बिटचं आहे. ते स्वतःला "एआरएम" म्हणवतं आणि प्रोसेसर आठव्या पिढीचा दिसला म्हणून पुढे व्ही८ लावतं. एआरएम/व्ही८ म्हणजे नव्या प्रोसेसरवरचं ३२ बिट. एआरएम६४ हे वेगळंच. व्ही८ ला व्ही७ ची इमेज चालते, म्हणजे यादीत लिनक्स/एआरएम/व्ही७ घातलंत की पुल होईल.

टर्मिनलवाला
किंवा पायवरच "डॉकर पुल --प्लॅटफॉर्म लिनक्स/एआरएम६४" करून बघा. कर्नल ६४ बिटचा आहे, ६४ बिट बायनरी चालवू शकतो.

वैदेही_के
चालूही शकेल. पण जिथे रोज पहाटे रांग लागते तिथे मी असा जुगाड ठेवणार नाही. उद्या काही अडकलं तर शोधायचं कुठे?

टर्मिनलवाला
पहाटे पाचच्या आत काम भागवायचंय ना त्यांना? मग जुगाडच.

वारणाकाठ
व्ही७ घातलं. बिल्ड पांडासवर (पायथनची डेटा लायब्ररी) येऊन थांबलाय, पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतोय. एआरएम६४ ला तर झटकन होतं. हे असंच असतं का?

आबा_कुपवाड
पायथन आहे हे आत्ता सांगताय! गो भाषेत असतं तर बिल्डप्लॅटफॉर्म आणि टार्गेटआर्क वापरून क्रॉस कंपाइल झालं असतं, इम्युलेशन (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल) लागलंच नसतं. मी तर सगळं गोमध्येच लिहितो.

वैदेही_के
एआरएम६४ साठी पायपीआयवर (पायथन पॅकेजेसचा साठा) पांडासचं तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) असतं, ३२ बिट एआरएमसाठी नसतं. म्हणून सोर्सपासून कंपाइल होतंय, आणि तेही क्यूईएमयू इम्युलेटरमधून, कारण ॲपलच्या एम चिपना ३२ बिट एआरएम येतच नाही. रात्र जाईल. पायव्हील्सवर ३२ बिटची व्हील्स मिळतात. पिपला "--एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल" देऊन ते जोडा, बेस इमेज डेबियन बुकवर्म आणि पायथन ३.११ ची ठेवा. पांडासखालच्या नमपायला ओपनब्लास लायब्ररी लागेल, ती ॲप्टने घाला. बेस इमेज अल्पाइनची असेल तर ही व्हील्स चालणार नाहीत.
पण पांडास लागतं कशाला?

वारणाकाठ
ॲनालायझरकडून सीरियल केबलवर दुधाचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून बाकी घन घटक) येतं, काट्यावरून वजन. दिवसाच्या शेवटी सभासदवार बेरीज काढायला ग्रुपबाय. तेवढंच.

टर्मिनलवाला
तेवढ्यासाठी पांडास?! डेटा ठेवता कशात?

वारणाकाठ
एसक्यूलाइट.

टर्मिनलवाला
मग ग्रुप बाय तिथेच करा ना राव. एका क्वेरीचं काम.

नवीन_मिशी
पाय ४ सध्या कितीला मिळतोय? मला घरी फोटोंसाठी लावायचा आहे. एसडी कार्ड लवकर मरतं म्हणे?

आबा_कुपवाड
@नवीन_मिशी कार्डावर डेटाबेस ठेवला तर मरतंच. यूएसबीला एसएसडी लावा. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

वारणाकाठ
पांडास काढलं, क्वेरी लिहिली. व्ही७ चा बिल्ड चहा होईपर्यंत झाला. इन्स्पेक्टमध्ये आता तिन्ही दिसतायत (आणि ते अननोनवाले तीन). पायवर पुल झालं, कंटेनर उठला, काट्याचं वजन येतंय. वैदेहीताई, टर्मिनलवाले, खूप आभार. बाकीच्या केंद्रांवरही ३२ बिटच असणार, एकाच कार्डाच्या कॉप्या आहेत. तसंच चालू ठेवू का?

वैदेही_के
आत्ता व्ही७ राहू द्या, पण कायमचं नको. ३२ बिट रास्पबेरी पाय ओएससाठी डॉकर इंजिनची २८ ही शेवटची मेजर आवृत्ती आहे, २९ पासून त्यांची पॅकेजेस नाहीत. एका कार्डावर ६४ बिट ओएस टाकून एका केंद्रात आठवडाभर चालवा, मग तीच कॉपी बाकीकडे न्या. सगळे पाय बदलून झाले की यादीतून व्ही७ काढा, आधी नाही. आणि कार्ड काढण्याआधी एसक्यूलाइटची फाइल उतरवून घ्या.

आबा_कुपवाड
ते सगळं ठीक. वारणाकाठ, तुमच्याकडे ३.५ फॅट/८.५ एसएनएफ ला गाईच्या दुधाला दर काय देताय सध्या?