छंद क्लब: आसावरीच्या ऑनलाइन सत्राची तयारी

बुधवार

प्रसाद (बी-४०२), ९:१२
नमस्कार मंडळी. छंद क्लबच्या मुलांसाठी, आणि मोठ्यांपैकी ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठीही, हौशी कॉम्प्युटिंगची तोंडओळख ठेवतोय. बोलणार आपली आसावरी, वर्तककाकूंची. ती केंब्रिजला असते आणि तिथल्या लायब्ररीत मुलांचा कोड क्लब चालवायला जाते. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, संध्याकाळी ५, क्लबहाउस. ती तिथून ऑनलाइन, आपण इथे एकत्र. शंका असतील तर आत्ताच विचारा.

शिल्पा (ए-१०३), ९:२०
आसावरी येणार म्हणजे छानच. पण मागचं खगोलशास्त्राचं व्याख्यान आठवतंय ना? सगळे एकाच हॉलमध्ये आपापल्या फोनवर जॉइन झाले, प्रत्येकाचा स्पीकर चालू, आणि वीस मिनिटं नुसता आवाज घुमत राहिला. ईरा तेव्हापासून ऑनलाइन म्हटलं की तयारच होत नाही.

प्रसाद, ९:२४
खरंय. लिंक मीच ग्रुपवर टाकली होती, ती चूक झाली. या वेळी हॉलमधून फक्त एक लॅपटॉप कॉलवर असेल. एकच माइक, आवाज हॉलच्या स्पीकरवर. प्रश्न विचारायचा तर उठून माइकपाशी यायचं. जे गावाला आहेत त्यांना लिंक वेगळी पाठवतो.

वर्तक काकू (सी-७०१), ९:४०
एक महत्त्वाचं. त्याच रविवारी पहाटे तिच्याकडची घड्याळं तासभर मागे जातात. सध्या आपल्यात साडेचार तासांचं अंतर आहे, त्या दिवसापासून साडेपाच. म्हणजे आपल्या ५ला तिचे साडेअकरा, साडेबारा नाही. सगळीकडे भारतीय वेळच लिहा रे, ती तिचं बघून घेईल.

कर्णिक काका (ए-५०४), १०:०५
उपक्रम चांगला आहे, माझा विरोध नाही. पण मुलं आधीच दिवसभर स्क्रीनला चिकटलेली असतात. रविवारची संध्याकाळ पुन्हा स्क्रीनसमोरच घालवायची का? आम्ही तरुणपणी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून रेडिओ जोडायचो. त्यात हाताला काम होतं. यात काय आहे?

(वर्तक काकूंनी आसावरीला ग्रुपमध्ये घेतलं.)

आसावरी, १३:३०
काका, नमस्कार. तुम्ही रेडिओ जोडायचात ना, अगदी तेच करायचं आहे. फोन म्हणजे बंद डबा. आत काय चाललंय ते मुलांना दिसत नाही, आणि उघडून बघायची सोयही नाही. मी जो बोर्ड दाखवणार आहे तो रास्पबेरी पाय पिको, एका पट्टीवर बसवलेला चिमुकला कॉम्प्युटरच, ५१ बाय २१ मिलिमीटर, म्हणजे बोटाएवढा. २०२१ साली आला तेव्हा किंमत होती चार डॉलर. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. दोन्ही बाजूंना मिळून चाळीस पिना आहेत. लॅपटॉपवरून त्याला चार-पाच ओळी शिकवायच्या: दिवा लाव, अर्धा सेकंद थांब, विझव, पुन्हा तेच. मग लॅपटॉप काढून घेतला आणि नुसता चार्जर लावला तरी बोर्ड तेच करत राहतो. मुलांना गंमत वाटते ती इथे, कारण आता ते काम त्याचं स्वतःचं झालेलं असतं.

दिव्याच्या जागी बझर लावा, बटण लावा, कुंडीतली माती सुकली का सांगणारा सेन्सर लावा. आई सांगत होती, बी विंगची टाकी अजूनही भरून वाहते. तिथे एक फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारं बटण, बसवला आणि खाली वॉचमनच्या केबिनमध्ये बझर वाजवला, हे नववीतली मुलं महिनाभरात सहज करतील.

आणि माझी एक अट आहे. मला स्लाइड्स लावून तासभर बोलायचं नाही. मी पंधरा मिनिटं बोलेन, बाकी वेळ मुलांच्या हातात बोर्ड हवा. तिघांत एक असा. त्यापेक्षा जास्त मुलं एका बोर्डावर बसली की एकजण करतो आणि बाकीचे बघतात, हे मी इथे दर वेळी पाहते. कोणाची वायर चुकीच्या भोकात गेली तर केंब्रिजहून मला ती काढता येणार नाही. त्यामुळे हॉलमध्ये दोन मोठी माणसं हवीत, ज्यांनी हे आधी एकदा स्वतः करून पाहिलेलं असेल. तशी माणसं मिळाली नाहीत तर आपण तारीख पुढे ढकलू, माझी काही हरकत नाही.

कर्णिक काका, १३:५२
एक माणूस मिळाला असं समज. माझ्याकडे सोल्डरिंग आयर्न आहे, मल्टिमीटर आहे. बोर्ड किती व्होल्टचा?

आसावरी, १३:५५
काका!! खूप बरं वाटलं. पिना ३.३ व्होल्टच्या. कोणाच्या घरी जुना आर्डुइनो उनो, म्हणजे असाच दुसरा एक बोर्ड, असेल तर तो ५ व्होल्टचा असतो, त्याची वायर पिकोच्या पिनेला लागता कामा नये, पिन जळू शकते. एलईडीला ३३० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे त्यातून जास्त करंट जाणार नाही.

निंबाळकर बाई (सी-२०३), १६:१०
मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. १९८४ साली शाळांत कॉम्प्युटर नेण्याचा केंद्र सरकारचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला, त्यातून शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर आले. मी तेव्हा ज्या शाळेत होते तिथेही आले. त्यांच्यासाठी वेगळी खोली, खिडक्यांना जाड पडदे, चपला बाहेर काढायच्या. किल्ली ऑफिसात. आत धूळ जाईल, बिघडेल, मग उत्तर कोण देणार, या भीतीने ती खोली महिनाभर उघडायचीच नाही. मुलं दाराच्या काचेला नाक लावून बघायची. एका मुलाने मला विचारलं होतं, बाई, त्याचं बटण दाबलं तर काय होतं? मला सांगता आलं नाही, कारण मीही दाबलेलं नव्हतं.

प्रसाद, बोर्ड कपाटात ठेवू नका. मोडले तर मोडू देत. दोन बोर्डांचे पैसे माझ्याकडून.

आसावरी, १६:३०
बाई, तो बीबीसी मायक्रो इथलाच, केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा, १९८१चा. त्याच कंपनीतल्या लोकांनी १९८५मध्ये एआरएम नावाच्या प्रोसेसरची पहिली चिप चालवून दाखवली. पिकोच्या चिपमध्ये त्याच घराण्यातले दोन प्रोसेसर आहेत. तुमच्या शाळेतलं मशीन मॉडेल बी असेल तर त्याची मेमरी ३२ केबी, आणि या बोटभर बोर्डाची २६४ केबी. रविवारी पहिलं बटण तुम्ही दाबायचं. मी हे मनापासून सांगतेय.

शिल्पा, १६:४१
बाई 🙏 ईराला वाचून दाखवलं. येते म्हणाली.

मनोज (सेक्रेटरी), १८:१५
क्लबहाउस ४ ते ७ बुक केलं. प्रोजेक्टर आहे. वीज गेली तर जनरेटर लागेपर्यंत राउटर बंद पडतो, तर छोटा यूपीएस कोणाकडे आहे का?

शिल्पा, १८:१७
आमच्याकडचा आणते.

प्रसाद, १८:३०
आपल्या वॉचमन गायकवाडांची मुलगी नववीत आहे, तिलाही सांगितलंय. एकूण पंधरा मुलं झाली, म्हणजे पाच बोर्ड. उद्या मी आणि काका बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत जातो. ब्रेडबोर्ड (वायरी खोचायची भोकांची पट्टी), वायरी, एलईडी सगळं तिथेच मिळेल. पिना आधीच सोल्डर केलेले बोर्ड मिळाले तर तेच घेतो.

शनिवार

प्रसाद, १६:२०
ट्रायल सुरू आहे, मी आणि काका क्लबहाउसमध्ये. आसावरी, अडलोय. बोर्डावरचं पांढरं बटण दाबून धरलं, तसंच धरून केबल लावली, पण लॅपटॉपवर बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसायला हवा तो दिसत नाही. तीनदा केलं. काका म्हणतात बोर्ड खराब.

आसावरी, १६:२३
बोर्डाला दोष देण्याआधी केबल बदला. बऱ्याच मायक्रो यूएसबी केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच. बाहेरून काही फरक कळत नाही.

प्रसाद, १६:३१
दिसला! काकांच्या जुन्या कॅमेऱ्याची केबल लावली. म्हणजे आमच्या पाचपैकी चार केबल नुसत्या चार्जिंगच्या. मंडळी, ज्यांच्याकडे फोटो किंवा फाइल कॉपी करायची मायक्रो यूएसबी केबल असेल त्यांनी नाव लिहून आज रात्री बी-४०२ला द्या. चार हव्यात.

कर्णिक काका, १६:४४
प्रोग्रॅम चढवला. त्यात दिव्यासाठी पंचवीस नंबरची पिन लिहिली आहे, तरी बोर्डावरचा दिवा लागत नाही.

आसावरी, १६:४६
दुकानदाराने पिको डब्ल्यू दिला असेल, वायफायवाला. त्यात तो दिवा वायफायच्या चिपला जोडलेला असतो. पंचविसाच्या जागी अवतरणचिन्हांत एल, ई, डी लिहा, कॅपिटल अक्षरांत.

कर्णिक काका, १६:४९
लागला. हिरवा. लुकलुकतोय.

कर्णिक काका, १६:५०
आता वेळ अर्ध्या सेकंदाची पाव सेकंद करून बघतोय.

प्रसाद, १६:५८
काका उठायला तयार नाहीत 😊 बोर्डावर कॅमेरा म्हणून माझा फोन पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवला, आसावरीला वायरींचे रंगसुद्धा ओळखू येतायत. उद्या मुलांनी साडेचारला यायचं. बाईंची खुर्ची पहिल्या टेबलापाशी. केबल अजून दोन कमी आहेत.

वर्तक काकू, १७:०३
एक माझ्याकडे आहे, पाठवते खाली.