पैठणी, पीतांबर, शालू, कद : कशाला काय म्हणायचं?

प्रश्न

सणासुदीच्या रेशमी वस्त्रांच्या नावांत माझा कायम घोळ होतो. पैठणी हे गावावरून पडलेलं नाव, विणीचं, की पदरावरच्या मोराचं? हल्ली पैठणी जाकीट, पैठणी पर्स, अगदी सुती पैठणीसुद्धा मिळते. आणि 'जांभळा पीतांबर' म्हटलेलं चालतं का?

उत्तर

पीतांबरापासून सुरुवात करू, कारण त्याचा निकाल कधीच लागलाय. हा शब्द शाळेत समास शिकताना दोनदा भेटतो. 'पिवळे असे वस्त्र' म्हटलं की कर्मधारय. 'पिवळे आहे वस्त्र ज्याचे असा तो' म्हटलं की बहुव्रीही, म्हणजे विष्णू. विठ्ठलाच्या वर्णनातलं 'कासे पीतांबर' हे पिवळंच वस्त्र. पण पूजेला बसणाऱ्याने नेसलेलं रेशमी सोवळं लाल असो की जांभळं, घरात त्याला पीतांबरच म्हणतात. रंग उडाला, रेशीम टिकलं. तेव्हा जांभळा पीतांबर बिनदिक्कत म्हणा.

सोवळ्याचं उलट झालं. 'सोवळ्यात असणे' ही अवस्था. तिचं नाव वस्त्राला चिकटलं आणि आपण 'सोवळं नेसू' लागलो. कद आणि मुकटा ही त्यातलीच पुरुषांची रेशमी नेसूची वस्त्रं. मात्र सोवळं म्हणजे रेशीमच असं नाही, धाबळी लोकरीची असते आणि तीही सोवळ्यात चालते.

शालू म्हटलं की आपल्याकडे बहुधा बनारसी जरीची, लग्नातली भारी साडी. शेला वेगळा, तो अंगावरून घेतात.

आता पैठणी. मुळात हे विशेषण: पैठणची ती पैठणी, जशी बनारसी, चंदेरी, महेश्वरी. पुढे साडी हा शब्द गळाला आणि विशेषणाचंच नाम झालं. म्हणून तर आपण 'दोन पैठण्या' म्हणतो. त्यामुळे 'पैठणी शेला' व्याकरणात चोख बसतो. पण गावावर अडून बसलात तर पंचाईत होईल, कारण पैठणीचं आजचं मोठं केंद्र नाशिक जिल्ह्यातलं येवला आहे. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं.

मोरावरही जाऊ नका. बांगडी-मोर, मुनिया (म्हणजे पोपट), आसावली, नारळी काठ ही नक्षीची नावं; नक्षी कुणीही कशावरही छापू शकतो. खरी खूण पदर उलटला की कळते. हातमागावर पदर विणताना नक्षीतल्या प्रत्येक रंगाला बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, वेगळी तिल्ली (छोटी रीळ) असते. विणकर पोपटाच्या हिरव्या धाग्याने पोपटाच्या कडेपर्यंतच जातो, तिथे तो शेजारच्या धाग्यात अडकवतो आणि मागे फिरतो. म्हणून उलट्या बाजूला लोंबते धागे नसतात, पोपट दोन्हीकडून जवळपास सारखाच दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत मागच्या बाजूला आडवे धागे सुटलेले किंवा कातरलेले सापडतात.

माझ्या लेखी पैठणी हे या विणीचं नाव. बाकीच्याला 'पैठणी नक्षीचं' किंवा 'पैठणी काठाचं' म्हणावं. जुनी पैठणी कापून जाकीट शिवलं असेल तर ते खुशाल पैठणीचं जाकीट. ('-चं' महत्त्वाचं आहे बरं का!)

यावर एक हरकत

हे सोयीचं झालं. पीतांबराचा पिवळा रंग गेला तर तुम्ही हसून सोडून देता, आणि पैठणीची वीण गेली की अडवता? शब्द पसरणारच. 'जरतारी'त जर म्हणजे सोनं, पण आज जरतारी म्हणवणाऱ्या किती वस्त्रांत सोनं असतं?

उत्तर

बोलण्यात पसरू द्या की. दिवाळीला कुणी 'माझी पैठणी बघ' म्हणालं तर पदर उलटून पाहणारा मी नव्हे. पण पीतांबर म्हणून जांभळं रेशीम विकलं तर गिऱ्हाइकाची फसगत होत नाही, रंग समोर दिसतोच. वीण तशी दिसत नाही. भरगच्च पदराची हातमागाची पैठणी विणायला काही महिने लागतात आणि भाव त्या महिन्यांचा असतो. नाव तेच ठेवून दोन दिवसांचं कापड विकलं, तर तोटा येवल्याच्या मागावर बसलेल्याचा. जरतारीचा मुद्दा मात्र मान्य. तिथे फसगत होतेच, म्हणून खऱ्या जरीची असं वेगळं सांगावं लागतं. पैठणीच्या आधी 'हातमागाची' लावायची वेळ आलीच आहे.

आणखी एक शंका

'पैठणी घातली' असं सर्रास ऐकू येतं. बरोबर आहे का?

उत्तर

नाही. साडी, धोतर, पीतांबर, कद नेसतात, शेला घेतात किंवा पांघरतात, फेटा बांधतात, शिवलेलं ते घालतात. वरच्या जाकिटाबद्दल बोलत असाल तर 'घातलं'च म्हणा.