देखभाल कर्मचारी नियम का मोडतात?
सुरक्षेची साधने देऊनही रुग्णालयाच्या देखभाल विभागातील, म्हणजे वीज आणि नळाची दुरुस्ती करणारे, कर्मचारी ती वापरत नाहीत, असे म्हटले जाते. हा मुद्दा खरा असला, तरी सगळा दोष त्यांच्या सवयींवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. कारखान्यात मुख्य स्विच बंद करून, त्याला स्वतःचे कुलूप आणि नावाची पट्टी लावून दुरुस्ती करता येते. अतिदक्षता विभागाचा वीजपुरवठा तोडायला मात्र सहसा कोणी तयार नसते, आणि मग चालू पॅनेलमध्येच हात घालावा लागतो. तुंबलेल्या सिंकखालच्या पाइपात सुई अडकलेली असेल, तर पातळ रबरी हातमोजा ती अडवत नाही. अशा सुईतून होऊ शकणाऱ्या हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजारावरील लसीसाठी परिचारिकांची यादी होते; कंत्राटी प्लंबरचे नाव त्या यादीत असायलाच हवे. वीज बंद ठेवण्याची वेळ विभागप्रमुखांशी आधी ठरवून लेखी परवानगी देणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे.