छोट्या लॉनचं गवत कापायला हाताने ढकलायचं मोवर पुरतं, मोठ्या मशीनचा आग्रह कशाला?

हिरवळवेडा:
आमचं लॉन जेमतेम ५०-६० चौरस मीटर, त्यातच दोन वाफे आणि मधोमध एक झाड, आणि जो तो सांगतोय की पेट्रोलचं घे, एकदा घेतलंस की कटकट मिटली. मला हे अजिबात पटत नाही. एवढ्याशा जागेला हाताने ढकलायचं सिलिंडर मोवर पुरून उरतं. फिरणारी ब्लेडं आणि खालचं स्थिर ब्लेड यांच्यामध्ये गवत सापडतं आणि कात्रीने कापल्यासारखं कापलं जातं. एडविन बडिंगने १८३० मध्ये पेटंट घेतलं ते याच पद्धतीचं, कापडावरची लव कापायचं गिरणीतलं यंत्र बघून त्याला हे सुचलं, आणि गोल्फच्या ग्रीनवर आजही सिलिंडरच चालतं. रोटरीचं, म्हणजे खाली आडवं गरगर फिरणारं, ब्लेड गवताला फटका मारून तोडतं. धार गेली असेल तर काडीचं टोक जवळून बघा, पिंजलेल्या दोरीसारखं दिसतं, आणि दोन दिवसांत तेच टोक वाळून सगळं लॉन पिवळट वाटायला लागतं.

सोयीचं_बघा:
अहो पण हे सगळं गवत वेळेवर कापलं तर! मी असंच ऐकून ढकलायचं घेतलं होतं. पाऊस लागून राहिला, मग आम्ही आठ-दहा दिवस बाहेरगावी, परत आलो तर गवत घोट्याच्या वर. मोवर ढकललं की गवत नुसतं आडवं व्हायचं आणि मागे परत उभं राहायचं, चाकं घसरायची, आणि करंगळीपेक्षा बारीक काटकी अडकली तरी सगळं जागच्या जागी ठप्प, की बसा वाकून काढत. शेवटी ३२ सेंटीमीटर रुंदीचा पट्टा कापणारं बॅटरीवालं रोटरी आणलं. २० मिनिटांत काम संपतं, बॅटरी उरते. लहान जागा म्हणजे माणसाकडे वेळ जास्त असं नाही ना.

वायरवाला:
दोघांनाही माझा विरोध आहे 🙂 छोट्या जागेत बॅटरीचं वजन आणि खर्च तरी कशाला? काही वर्षांनी बॅटरी दमते आणि नवी घ्यायची म्हटली की अर्धं मशीन घेतल्यासारखं वाटतं. वायरचं इलेक्ट्रिक हलकं, एका हाताने उचलून भिंतीला टांगता येतं. फक्त प्लगच्या बाजूने सुरुवात करून लांब लांब जात राहायचं म्हणजे वायर कायम पाठीमागे राहते, आणि लाइन आरसीडीवरूनच (वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) घ्यायची, यात आळस करू नका, वायर कापली गेली तर तेच तुम्हाला वाचवतं.

सोयीचं_बघा:
वायर मागे राहते म्हणे! मधोमध झाड आहे त्यांच्याकडे, प्रत्येक फेरीला खोडाला गुंडाळणार. वाफ्यातली रोपं मोडतील ती वेगळीच.

हिरवळवेडा:
झाडाचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून तर मला वायर नको. पण गवत आडवं होतं याचा दोष मोवरला देऊ नका. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापूच नये, मशीन कुठलंही असो, नाहीतर मुळं कमजोर होतात. वाढीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा फिरवलं की झालं, आणि बारीक कापलेलं गवत तिथेच पडू द्यायचं, त्यातला नायट्रोजन मातीतच परत जातो. अजून एक, वर्तमानपत्राची पट्टी दोन ब्लेडांमध्ये धरून सिलिंडर हाताने हळूच फिरवा (बोटं लांब ठेवून). स्वच्छ कापली गेली तर सेटिंग ठीक, नुसती दुमडली तर स्क्रू फिरवून खालचं ब्लेड जवळ आणा. हे न करताच निम्मे लोक मोवरला नावं ठेवतात.

चढउतार:
पेट्रोलचं कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो, मी ते वापरलंय. एवढ्या जागेला खरंच नको. आवाज, धूर, ऑइल बदला, आणि हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल तसंच राहिलं की कार्ब्युरेटर चिकट होऊन बसतो, पुढच्या वेळी दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. पण ढकलायचं घेण्याआधी जमीन बघा हो. सिलिंडरला सपाट जमीन लागते. खड्डे-उंचवटे असले तर एकीकडे माती खरवडली जाते आणि शेजारीच गवताचा झुबका राहतो, ते कुठल्याही सेटिंगने सुटत नाही. माझ्या मते तुमचं भांडण मशीनचं नाहीच आहे, जमीन कशी आहे याचं आहे.

हिरवळवेडा:
सपाट आहे, झाडाच्या बुंध्याजवळ मुळांमुळे थोडं वर आलंय तेवढंच. तिथे हातकात्रीनेच कापीन.

सोयीचं_बघा:
मग घ्या तुम्ही सिलिंडर, तुमचा हुरूप बघता चालेल. पण बाहेरगावी जायच्या आदल्या दिवशी कापूनच जा, आणि परत आल्यावर गवत फार वाढलेलं असेल तर आधी कोणाचं तरी ट्रिमर मागून आणा. मोवरवर जोर काढू नका, माझ्याकडच्याचा दांडा तसाच वाकला.