मदत हवी आहे : रात्रीच्या विमानाने फ्रँकफर्ट, पुढे रेल्वेने बाझल, मध्ये किती वेळ ठेवावा?

नमस्कार मंडळी,

माझे आई-बाबा येत्या मे महिन्यात माझ्या बहिणीकडे, स्वित्झर्लंडमधील बाझल येथे, जात आहेत. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या फ्रँकफर्टच्या थेट विमानाचे तिकीट काढून झाले आहे आणि ते विमान तेथे सकाळी साडेसातच्या सुमारास उतरते. पुढचा टप्पा रेल्वेने करायचा हे नक्की आहे, परंतु कोणती गाडी आणि कोणत्या प्रकारचे तिकीट घ्यावे यावर घरात एकमत होत नाही, म्हणून हा धागा.

बाबा बाहत्तर वर्षांचे आहेत आणि आई अडुसष्टची. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने तिच्यासाठी विमानतळावर चाकाच्या खुर्चीची मागणी केली आहे. दोघांचाही युरोपचा हा पहिलाच प्रवास असून बरोबर चार मोठ्या बॅगा असतील. बहिणीचे बाळ अगदी लहान असल्यामुळे तिला फ्रँकफर्टपर्यंत येणे जमणार नाही. जावई बाझलच्या स्थानकावर उतरवून घेतील.

आतापर्यंत मला समजले ते असे. फ्रँकफर्ट विमानतळावर दोन रेल्वे स्थानके आहेत : एक टर्मिनल १ च्या खाली, लोकल व प्रादेशिक गाड्यांसाठी, आणि दुसरे थोडे बाजूला, लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी, ज्याला तेथे फेर्नबानहोफ म्हणतात. बाझलची आयसीई (जर्मनीची लांब पल्ल्याची वेगवान) गाडी या दुसऱ्या स्थानकातून सुटते, मानहाइम, कार्ल्सरूह, फ्रायबुर्ग या मार्गाने जाते आणि साधारण तीन तास घेते. काही गाड्या थेट आहेत, तर काहींना मानहाइमला गाडी बदलावी लागते. स्वस्त तिकीट ठराविक गाडीलाच बांधलेले असते, आणि ज्यावर कोणतीही गाडी चालते ते तिकीट मला दुपटीहून महाग दिसत आहे.

बाबांचे म्हणणे असे, की साडेसातला विमान उतरते तर साडेनऊ-दहाची गाडी सहज मिळेल; उगाच दुप्पट पैसे कशाला मोजायचे? मला ते पटत नाही, पण नेमके किती तास सोडावेत हेही कळत नाही. शिवाय व्हिसा स्वित्झर्लंडच्या वकिलातीचा आणि प्रवेश जर्मनीतून, यामुळे काही अडचण येईल का? ज्यांनी आपल्या ज्येष्ठांना अशा प्रकारे पाठवले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

— कोथरूडकर

वाटसरू : बारा वाजण्याच्या सुमाराची थेट गाडी घ्यावी. मानहाइमला बदल असलेली गाडी कितीही सोयीच्या वेळेची असली तरी चार बॅगा आणि दुखरा गुडघा असताना तिचा विचारही करू नये.

ऱ्हाइनकाठी : मी याच पट्ट्यात राहतो आणि आमच्याकडचे पाहुणे बहुतेक याच वाटेने येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

साडेसात ही विमानाची चाके टेकण्याची वेळ आहे, आई-बाबा फलाटावर पोहोचण्याची नव्हे. चाकाची खुर्ची असलेल्या प्रवाशांना बहुधा सर्वांत शेवटी उतरवतात. पारपत्र तपासणीच्या ठिकाणी युरोपीय संघाबाहेरील नागरिकांसाठी १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी पद्धत सुरू झाली असून तीत चेहऱ्याचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात. पहिल्यांदा येणाऱ्याची ही नोंदणी नव्याने करावी लागते, त्यामुळे रांग किती वेगाने सरकेल याचा भरवसा देता येत नाही. त्यानंतर बॅगा घेणे आणि ट्रॉली ढकलत फेर्नबानहोफपर्यंत जाणे आहेच. हे सर्व दोन तासांत उरकतेही, परंतु उरकले नाही तर काय, हाच खरा प्रश्न आहे.

ठराविक गाडीच्या स्वस्त तिकिटाचा नियम अनेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून तो स्पष्ट करतो. गाडीच उशिरा धावत असेल आणि त्यामुळे मुक्कामी पोहोचायला २० मिनिटे किंवा अधिक उशीर होण्याची चिन्हे असतील, तर ते बंधन सुटते आणि दुसऱ्या गाडीने जाता येते. मात्र विमान उशिरा आले किंवा पारपत्राच्या रांगेत वेळ गेला, तर रेल्वेचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. गाडी गेली की तिकीट वाया गेले. विमान कंपनीच्याच तिकिटात रेल्वेचा टप्पा जोडलेला असेल तेव्हा गोष्ट वेगळी, पण तुमची दोन तिकिटे स्वतंत्र आहेत.

याची दुसरी बाजूही सांगतो. जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर धावल्या, आणि तेथे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर वेळेवरच धरला जातो. म्हणजे तुम्ही धावतपळत फलाटावर यावे आणि गाडीच आलेली नसावी, असेही घडते. पण या उशिराच्या आशेवर वेळापत्रक बांधू नये, हे सांगायला नकोच.

माझ्या मते दोन मार्ग आहेत. एक म्हणजे महागाचे, कोणत्याही गाडीला चालणारे तिकीट, आणि त्यावर बाराच्या गाडीत दोन जागांचे वेगळे आरक्षण. ती गाडी हुकली तर बुडतात ते आरक्षणाचे पैसे. तिकीट शाबूत राहते. दुसरा मार्ग असा, की आधी काहीच काढू नये. बॅगा हाती आल्या की बाबांनी फोन करावा आणि बहिणीने घरी बसून त्या वेळी जे बरे दिसेल ते तिकीट काढून पाठवावे. हा मार्ग बहुधा स्वस्त पडतो, पण तो सर्वस्वी बाबांच्या फोनवर अवलंबून आहे.

उतरताना एक काळजी घ्यावी. बाझलमध्ये गाडी आधी ‘बाझल बाडिशर बानहोफ’ या स्थानकावर थांबते. ते स्वित्झर्लंडच्या भूमीवर असूनही जर्मन रेल्वेचे आहे. जावई जर मुख्य ‘बाझल एसबीबी’ स्थानकावर उभे असतील, तर पहिले बाझल ऐकून कोणी उठू नये. तिकीटही एसबीबीपर्यंतचेच हवे.

कोथरूडकर : आपले मनापासून आभार. दुसरा मार्ग ऐकून बाबा खूश झाले, पण रोमिंग सुरू होईपर्यंत त्यांचा फोन चालेलच याची मला खात्री वाटत नाही. शिवाय पारपत्र अधिकाऱ्याने पुढे कसे जाणार असे विचारले, तर हातात काहीतरी असलेले बरे, नाही का?

सातासमुद्रापार : असलेले बरेच. व्हिसाची चिंता नसावी. मुख्य मुक्काम ज्या देशात, त्याचा व्हिसा घ्यायचा असा शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम आहे आणि प्रवेश त्या क्षेत्रातील दुसऱ्या देशातून केला तरी चालतो. स्वित्झर्लंड डिसेंबर २००८ पासून त्या व्यवस्थेत आहे, म्हणून बाझलला पुन्हा पारपत्राची रांग नसते. मात्र फ्रँकफर्टचा अधिकारी ‘कुठे, किती दिवस, कोणाकडे’ हे विचारू शकतो. बहिणीचे निमंत्रणपत्र, विमा, परतीचे तिकीट आणि रेल्वेचे तिकीट छापून एका फोल्डरमध्ये आईच्या हातातल्या पिशवीत ठेवावे, बॅगेत नव्हे.

विमानतळावरची चाकाची खुर्ची आणि रेल्वेत चढण्यासाठीची मदत या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. रेल्वेची मदत किमान २४ तास आधी स्वतंत्रपणे सांगून ठेवावी लागते. तीही बाराच्या गाडीसाठी सांगून ठेवा, कारण आयसीईच्या दाराशी पायऱ्या असतात आणि सामान चढवायला आपल्याकडच्यासारखे हमाल मिळत नाहीत. आणि बाळंतिणीसाठी घरचे साजूक तूप निघाले असेल तर ते आत्ताच बाजूला काढा. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास बंदी आहे.

कोथरूडकर : तूप निघाले होतेच, दोन किलो, आता ते डब्यासह फडताळात परत गेले आहे. आज बाराच्या थेट गाडीत दोन जागांचे आरक्षण आणि कोणत्याही गाडीला चालणारे तिकीट, दोन्ही एसबीबीपर्यंत, काढले. मदतीची नोंदणी बहीण तेथून करणार आहे. गाडीपूर्वीचा वेळ टर्मिनल १ मध्येच घालवून फलाटावर अर्धा तास आधी जावे, की थेट स्थानकात जाऊन बसावे?

ऱ्हाइनकाठी : टर्मिनलमध्येच थांबावे. खाणे, स्वच्छतागृहे आणि बसायला जागा तेथे अधिक आहे आणि फलाटावर मेमध्येही गार वारा लागतो. मदतनीस कोठे व किती वाजता भेटणार हे नोंदणी करतानाच विचारून घ्यावे आणि त्या वेळेला तेथे हजर असावे. फलाटावर अ, ब, क असे विभाग असतात. आपला डबा कोणत्या विभागासमोर येईल हे फलकावर दिसते, पण ऐन वेळी क्रम उलटाही होतो, म्हणून गाडी येण्याच्या पाच मिनिटे आधी बाबांनी फलक पुन्हा पाहावा.